यूरोपातील जुळी नगरे



दोन माणसांचे वैर मिटविणे कठीण, दोन कुळांचे त्याहून कठीण. दोन राष्ट्रांचे वैर मिटविण्याचे काम मात्र राजे, मंत्री आणि मुत्सद्दी ह्यांच्याकडे सोपवून प्रजा स्वस्थ बसते. तह होतात, कागदावर शिक्के उमटतात, तोफा थंडावतात. परंतु ज्या घरातला मुलगा रणांगणावरून परतला नाही, त्या घरातले वैर तहाच्या कागदाने शमत नाही. विसाव्या शतकात यूरोप खंडाने दोन महायुद्धे पाहिली, आणि दुसऱ्याच्या अखेरीस असे घर बहुधा प्रत्येक गल्लीत होते. ह्या घरोघरच्या वैरावर तेथील लहानमोठ्या गावांनी जो उपाय शोधला, तो आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. एका देशातील गावाने दुसऱ्या देशातील गावाशी, आणि तेही पुष्कळदा कालपर्यंत शत्रू असलेल्या गावाशी, नाते जोडावयाचे, असा हा उपाय.

ह्या नात्याला निरनिराळ्या भाषांत निरनिराळी नावे आहेत. फ्रेंच लोक अशा गावांना जुळी म्हणतात. जर्मन भाषेत भागीदारी असा काहीसा व्यवहारी शब्द रूढ आहे. अमेरिकेत भगिनी-नगरे म्हणतात. मुंबई आणि जर्मनीतील श्टुटगार्ट ह्यांचे नाते १९६८ मध्ये जुळले, तेव्हा आपल्याकडेही तोच शब्द आला. रशियन भाषेतील शब्द ह्या सर्वांत अर्थपूर्ण म्हणावा लागेल. शपथ घेऊन जे भाऊ झाले, ते पोब्रातिम. आपल्याकडील मानलेला भाऊ तो हाच. जुळे भाऊ जन्माने लाभतात, मानलेला भाऊ निवडावा लागतो आणि पुढे निभवावाही लागतो.

ह्या प्रथेचा जन्म दुसऱ्या महायुद्धानंतर झाला असे सामान्यपणे मानतात. तथापि ह्या जातीच्या नात्याचे एक उदाहरण फार जुने असून ते भाविकांच्या विशेष आवडीचे ठरावे. जर्मनीतील पाडरबोर्न येथे नवव्या शतकात नवेच धर्मपीठ स्थापन झाले होते. आजूबाजूच्या सॅक्सन लोकांनी ख्रिस्ती धर्म नुकताच, आणि तोही तलवारीच्या धाकाने, स्वीकारलेला. त्या भूमीत कोणा संताची समाधी नव्हती. तेव्हा तेथील बिशप बादुराद ह्यांनी फ्रान्समधील ल मान्स नगराकडे माणसे पाठविली, आणि ८३६ साली ल मान्सचे प्राचीन बिशप संत लिबोरियस ह्यांच्या अस्थी समारंभपूर्वक पाडरबोर्नला आणण्यात आल्या. मिरवणुकीच्या पुढे एक मोर वाट दाखवीत उडत होता, अशी आख्यायिका आहे. अस्थी देताना दोन्ही पीठांनी एकमेकांशी चिरंतन बंधुत्वाचे वचन केले.

त्यानंतरच्या हजारांहून अधिक वर्षांत फ्रेंच आणि जर्मन सेना एकमेकींवर कितीदा चालून गेल्या ह्याची गणती करणे अवघड आहे. १९४५ च्या मार्च महिन्यात दोस्तांच्या बाँबहल्ल्यात पाडरबोर्न नगर जळून गेले. तरी लिबोरियसचा उत्सव आजही जुलैच्या अखेरीस तेथे भरतो, अस्थींची पेटी मिरवते आणि ल मान्सची मंडळी पाहुणी म्हणून येतात. दोन्ही नगरपालिकांनी १९६७ मध्ये ह्या नात्यावर आपली मोहर उमटविली. मोहर नवी होती एवढेच.

परंतु ज्यांच्यामध्ये असा संत नव्हता त्यांनी काय करावे?

१९४५ नंतरची पहिली पावले फार साधी होती. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराने जर्मन बाँब सोसले होते, हानोव्हर शहराने इंग्रजांचे. १९४७ मध्ये ब्रिस्टलचे काही प्रमुख नागरिक सदिच्छा घेऊन हानोव्हरला गेले. त्याच वर्षी ऑक्सफर्ड आणि बॉन ह्यांचा संबंध जुळला. रेडिंग ह्या इंग्रज नगराच्या महापौर फीबी कस्डेन ह्यांनी उद्ध्वस्त ड्युसेलडॉर्फमधील सहा मुलांना आपल्या नगरात बोलाविले, आणि ती मुले रेडिंगमधील कुटुंबांत राहिली. त्या वेळी इंग्लंडात अजून शिधापत्रिका होती, पाव आणि लोणी मोजून मिळत असे. त्या मोजलेल्या अन्नातून शत्रूच्या लेकराचे ताट वाढणाऱ्या गृहिणींच्या मनात काय चालले असेल, ह्याची नोंद कोणत्याही ठरावात सापडणार नाही. वस्तुतः रेडिंग आणि ड्युसेलडॉर्फ ह्यांच्या मैत्रीचा पाया त्या ताटांवर आहे.

ह्याहून कठीण गोष्ट फ्रान्सची होती. इंग्लंडवर शत्रूची विमाने आली, फ्रान्समध्ये शत्रू चार वर्षे घरात येऊन बसला होता. स्वित्झर्लंडच्या सीमेपासून फार दूर नसलेले माँबेल्यार नावाचे एक नगर आहे. शेजारीच सोशो येथे पेजो कंपनीचा मोटारींचा प्रचंड कारखाना आहे. युद्धकाळात जर्मनांनी हा कारखाना आपल्या कामाला जुंपला. तो बंद पाडण्यासाठी १९४३ च्या जुलैत इंग्रज विमानांनी बाँब टाकले, ते पुष्कळसे आसपासच्या वस्तीवर पडून निरपराध नागरिक मेले. म्हणजे त्या नगराने शत्रूचा जाचही सोसला आणि मित्राचा बाँबही.

ह्या माँबेल्यारचे युद्धोत्तर काळातील महापौर ल्यूसियँ थारादँ हे प्रतिकार चळवळीतील गृहस्थ. जर्मनांनी त्यांना पकडून बुखेनवाल्डच्या छळछावणीत धाडले होते. त्या छावणीतून लक्षावधींपैकी जे जिवंत परतले त्यांतले ते एक. अशा मनुष्याने परत आल्यावर जर्मनीचे नाव टाकले असते, तर त्यास कोणी बोल लावला नसता. परंतु १९५० मध्ये ह्याच थारादँ ह्यांनी जर्मनीतील लुडविग्सबुर्ग नगराशी संबंध जोडण्यास पुढाकार घेतला. फ्रान्स आणि जर्मनी ह्यांच्यातील अशा नात्यांत हे पहिले मानले जाते.

निवड लुडविग्सबुर्गचीच का झाली, ह्याला इतिहासात आधार आहे. १३९७ पासून फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीपर्यंत, सुमारे चार शतके, माँबेल्यार हे व्युर्टेम्बर्ग घराण्याच्या ताब्यात होते, आणि लुडविग्सबुर्ग ही त्याच घराण्याने अठराव्या शतकात वसविलेली राजवाड्याची नगरी. प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए १७६९ मध्ये माँबेल्यारला जन्मले आणि शिकावयास श्टुटगार्टला गेले. त्या काळी ते परक्या देशी जाणे नव्हते. तेव्हा माँबेल्यारकरांना आपल्या जुन्या कागदपत्रांत एक पूल मिळाला. शिवाय फ्रान्स आणि जर्मनी ह्यांची एकमेकांस ओळख व्हावी म्हणून १९४८ मध्ये स्थापन झालेली एक संस्था लुडविग्सबुर्गमध्येच काम करीत होती. तरीही जुना पूल असला म्हणून त्यावरून कोणी चालू लागतोच असे नाही. पहिले पाऊल टाकण्याचा अधिकार बुखेनवाल्ड पाहून आलेल्याचा होता. दुसऱ्या कोणी ते टाकले असते, तर माँबेल्यारच्या विधवांनी आणि पोरक्या मुलांनी त्यास विचारले असते की, तुझे काय गेले आहे म्हणून तू क्षमेच्या गोष्टी बोलतोस? थारादँ ह्यांना हा प्रश्न कोणी विचारू शकत नव्हते.

ह्यात एक सूक्ष्म भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणासही नाही, जिवंत राहिलेल्यासही नाही. नगरानगरांच्या ह्या नात्यांत म्हणूनच क्षमेचे जाहीरनामे क्वचितच आढळतात. मुलांचा पत्रव्यवहार, गायकमंडळींच्या भेटी, फुटबॉलचे सामने, शाळांच्या सहली ह्यांवरच भर. पाहुण्यांनी शक्यतो खाणावळीत उतरावयाचे नाही, यजमानाच्या घरी राहावयाचे, असा प्रघात पडला, आणि तो ह्या प्रथेचा प्राण आहे. यजमानाची भाषा येत नाही, हातवारे करून मीठ मागावे लागते, सकाळी न्हाणीघरासाठी खोळंबावे लागते. अशा रीतीने आठ दिवस काढल्यावर ‘जर्मन’ किंवा ‘फ्रेंच’ हा शब्द उच्चारताच एखादा विशिष्ट चेहरा डोळ्यांपुढे उभा राहू लागतो.

माँबेल्यार आणि लुडविग्सबुर्ग ह्यांच्या नात्याचे विधिवत् पत्र १९६२ मध्ये झाले. थारादँ ते पाहण्यास हयात नव्हते. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल ह्यांनी लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या चौकात जर्मन तरुणांपुढे जर्मन भाषेत भाषण केले, आणि १९६३ च्या जानेवारीत द गॉल व आडेनाउअर ह्यांनी दोन्ही राष्ट्रांच्या मैत्रीचा करार केला. पाठोपाठ तरुणांच्या देवघेवीसाठी दोन्ही सरकारांची एक संयुक्त संस्था निघाली. तिच्या द्वारे आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण एकमेकांच्या देशी जाऊन आले आहेत. फ्रान्स व जर्मनी ह्यांच्यातील जुळ्या गावांच्या जोड्या आज दोन हजारांहून अधिक आहेत. परंतु सनावळी पाहावी: राष्ट्रांचा करार १९६३ चा, माँबेल्यारचा पुढाकार १९५० चा. तेरा वर्षे गाव पुढे होते.

सर्वच गावांना हे साधले असे मात्र नव्हे. १० जून १९४४ रोजी ओरादूर-सुर-ग्लान ह्या फ्रेंच गावात जर्मन सैनिकांनी सहाशेहून अधिक माणसे, बायकामुलांसह, मारली. ते जळके गाव तसेच राखून ठेवले आहे. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांचे पाऊल तेथे पहिल्यांदा पडावयास २०१३ साल उजाडले. अशा जागी ‘एवढा उशीर का’ असे दुरून विचारणे अनुचित होय.

इंग्लंडातील कॉव्हेंट्री नगराची कथा ह्याहून निराळी. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे नगर भाजून काढले. पाचशेहून अधिक माणसे मेली आणि मध्ययुगीन प्रार्थनामंदिराच्या केवळ भिंती उरल्या. छपराच्या जळक्या तुळयांचा एक क्रूस बांधण्यात आला, आणि ढिगाऱ्यात सापडलेल्या तीन जुन्या खिळ्यांचा दुसरा. मंदिराचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड ह्यांनी पुढे भग्न वेदीमागील भिंतीवर परमपित्याकडे क्षमा मागणारे दोनच शब्द कोरविले. कोणाला क्षमा, हे त्यांनी मुद्दामच लिहिले नाही. ‘त्यांना’ हा शब्द घातला असता तर अपराध फक्त शत्रूच्या पदरी पडला असता.

कॉव्हेंट्रीने हात पुढे केला तो प्रथम दूरच्या स्टालिनग्राडकडे. १९४३ मध्ये कॉव्हेंट्रीच्या आठशे तीस स्त्रियांनी एका टेबलावरील आच्छादनावर आपापली नावे भरतकामाने काढली, प्रत्येकीने सहा पेन्स घातले आणि ते त्या वेढलेल्या व उद्ध्वस्त झालेल्या नगराला पाठविले. १९४४ मध्ये दोन्ही नगरांचे नाते जाहीर झाले. १९४७ मध्ये जर्मनीतील कील नगराशी कॉव्हेंट्रीने संबंध जोडला, आणि १९५९ मध्ये ड्रेस्डेनशी. १९४५ च्या फेब्रुवारीत इंग्रज व अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन जाळले होते. मृतांचा आकडा सुमारे पंचवीस हजार, असा नंतरच्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. ड्रेस्डेन तेव्हा पूर्व जर्मनीत होते आणि त्या राज्यास ब्रिटनची मान्यतादेखील नव्हती. राज्ये एकमेकांस ओळखत नव्हती त्या काळात ही दोन नगरे एकमेकांस ओळखत होती. १९६१ मध्ये जर्मन तरुणांचा एक गट कॉव्हेंट्रीच्या भग्न मंदिरात बांधकाम करावयास आला, आणि १९६५ मध्ये इंग्रज तरुण ड्रेस्डेनच्या एका रुग्णालयाचा ढिगारा उपसून ते पुन्हा उभारण्यास गेले.

ह्या प्रथेला कीड लागलीच नाही असे म्हणणे सत्यास सोडून होईल. नगराध्यक्षांच्या मेजवान्या आणि सहकुटुंब सहली ह्यांवर लोकांनी टीका केली, आणि ती पुष्कळ ठिकाणी रास्त होती. युद्ध पाहिलेली पिढी गेल्यावर मंडळांतून पिकल्या केसांचीच माणसे उरली. इंग्लंडातील बिशप्स स्टॉर्टफर्ड ह्या नगराने २०११ मध्ये आपल्या फ्रेंच आणि जर्मन जोडीदारांशी असलेले जुने नाते मोडले. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर यूरोपातील अनेक नगरांनी रशियन नगरांशी असलेला संबंध स्थगित केला. मानलेल्या भावाच्या घरी कोणाचे राज्य आहे, हा प्रश्न नगरांनाही चुकत नाही. ते भरतकामाचे आच्छादन मात्र पुढे वोल्गोग्राड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच नगराच्या संग्रहालयात ठेवण्यात आले.

ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्खं हे घुमटाचे प्रार्थनामंदिर बाँबहल्ल्यानंतर कोसळले आणि पूर्व जर्मनीच्या अमदानीत जवळजवळ अर्धशतक दगडांची रास होऊन पडले. जर्मनी एक झाल्यावर त्याची पुनर्बांधणी सुरू झाली. जुने काळवंडलेले दगड निवडून, मोजून, जेथल्या तेथे बसविण्यात आले. म्हणून आज त्या फिकट भिंतींवर काळे ठिपके दिसतात. घुमटाच्या माथ्यावरील सोनेरी क्रूस इंग्लंडातील लोकांनी वर्गणी करून दिला. तो लंडनमध्ये घडविला गेला. तो घडविणाऱ्या सोनाराचे वडील त्या फेब्रुवारीच्या रात्री ड्रेस्डेनवर गेलेल्या विमानांपैकी एकात वैमानिक होते. २००४ च्या जूनमध्ये तो क्रूस घुमटावर चढविण्यात आला, तेव्हा खाली चौकात ड्रेस्डेनचे हजारो लोक माना वर करून पाहत होते.