शिवारातली मुलाखत



दीक्षान्त समारंभाच्या पाहुण्याने देशाच्या शेतीपुढची आव्हानं सांगायची असा रिवाज आहे. पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो, ती आव्हानं तुम्ही परीक्षेत दहा-दहा मार्कांना लिहून मोकळे झाला आहात. मी नोकरीवर बोलणार आहे: ती शोधायची कशी, तिच्यात वागायचं कसं आणि सोडायची वेळ आली तर सोडायची कशी. व्यासपीठावरून हा विषय सहसा निघत नाही. व्यासपीठावरच्या मंडळींची नोकरी एक तर पक्की असते, नाही तर संपत आलेली असते.

हे विद्यापीठ परभणीकरांनी भांडून मिळवलेलं आहे. 18 मे 1972 ला ते मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून सुरू झालं, 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. ‘परभणी क्रांती’ भेंडी, ‘परभणी मोती’ ज्वारी, ‘एमएयूएस 71’ सोयाबीन ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. पण वाण काढणं हे एक काम झालं. तो माणसांपर्यंत नेणं, त्याच्याबद्दलची तक्रार ऐकणं, ती निस्तरणं हे दुसरं. तुमच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला हे दुसरं काम येणार आहे. सरकारी नोकरी लागो, बियाणं कंपनीत लागो की बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागो.

2020 चा खरीप आठवा. तेव्हा तुम्ही शाळेत असाल, पण घरात त्याची चर्चा ऐकली असेल. आदल्या वर्षी ऐन काढणीत पाऊस लागला होता, बियाणं भिजलं होतं. पुढच्या जूनमध्ये मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून ओरड झाली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. तालुका तक्रार निवारण समित्या शेतांवर जाऊन पंचनामे करत होत्या, आणि कंपन्यांची नवी पोरं बांधावर उभी राहून शिव्या खात होती.

त्या हंगामात मी दोन पोरांना काम करताना पाहिलं. दोघंही कृषी पदवीधर, ज्ञान दोघांचं सारखंच. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, मळणीत आणि पोती आदळताना मार बसला की बी वरून धडधाकट दिसतं आणि उगवत नाही. उगवणीचं प्रमाण किमान 70 टक्के लागतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरावं, 3-4 सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये. हे दोघांनाही पाठ होतं.

पहिल्याने बांधावरूनच मोबाइल काढला, मंडळातला पाऊस दाखवला आणि म्हणाला, “काका, तुम्ही घाई केली.” आकडा बरोबर होता. काकांनी त्याला गाडीला किक मारायला सांगितलं. शब्द जरा वेगळे होते, ते इथे बोलता येणार नाहीत.

दुसरा चप्पल काढून तासात उतरला. बोटाने माती उकरून त्याने एक कुजलेलं बी वर काढलं, तळहातावर घेऊन काकांना दाखवलं. मग एकेक विचारत गेला. पिशवी ठेवलीय का? तिचा टॅग आहे का? बैलावर पेरलं की ट्रॅक्टरने? पेरल्यावर किती दिवस उघडीप होती? घरात बी उरलंय का? बराच वेळ त्याने सल्ला म्हणून एक शब्द काढला नाही. शेवटी काकाच म्हणाले, “ट्रॅक्टरवाल्यानं खोल टाकलं का काय की.” उरलेल्या बियातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, गोणपाट वाळू द्यायचं नाही, आणि किती उगवले ते आपण दोघं मिळून मोजायचे, असं त्याने ठरवलं. कोणत्या दिवशी येतो तेही सांगितलं, आणि त्या दिवशी आला. दाणे कमी उगवले असते तर कंपनीला अडचण होती. तरी आला.

यालाच आता सॉफ्ट स्किल म्हणतात, आणि पैसे भरून ते शिकवणारी शिबिरं निघाली आहेत. तिथे टाय कसा बांधायचा आणि हस्तांदोलन किती घट्ट करायचं हे सांगतात. परभणीच्या मे महिन्यात टाय बांधून फिरणारा माझ्या तरी पाहण्यात नाही. तुमचं हे शिक्षण रावेच्या, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या, गावात झालेलं आहे. पारावर रांगोळीने गावाचा नकाशा काढताना एखाद्या आजीने “आमची वस्ती राहिली की रं” म्हटलं असेल आणि तुम्ही नकाशा पुसून पुन्हा काढला असेल. त्या दिवशी काय झालं ते नीट आठवा. मुलाखतीत तेच सांगायचं आहे.

मुलाखतीच्या टेबलापलीकडे मी बऱ्याचदा बसलो आहे. समोर येणारे बायोडाटे एकाच झेरॉक्सच्या दुकानातून निघालेले असतात. मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची क्षमता; आवड, क्रिकेट आणि वाचन. काय वाचलं विचारलं की पोरगं छताकडे बघतं. त्यापेक्षा एक ओळ लिहा: रावेमध्ये अमुक गावात एवढ्या शेतकऱ्यांच्या सोयाबीनची उगवण चाचणी घेतली आणि इतक्यांनी बियाणं बदललं. आकडा लहान असला तरी चालेल, खरा असावा. पुढचा प्रश्न त्यावरच येईल आणि उत्तर तुमच्यापाशी असेल. जाहिरातीगणिक बायोडाटा थोडा बदलावा लागतो. बियाणं कंपनीला तुम्ही गावं किती फिरलात ते हवं असतं, बँकेला कर्जाचे कागद तुम्हाला वाचता येतात का ते.

इंग्रजीची भीती मला माहीत आहे. मी जिंतूर तालुक्यातला. पुण्यातल्या पहिल्या मुलाखतीत घशाला कोरड पडली होती. इंग्रजी शिकावंच लागतं, त्याला पळवाट नाही. रोज एक ईमेल लिहायचा सराव केला तरी वर्षभरात हात बसतो. पण इंग्रजी येईपर्यंत गप्प बसू नका. येत नसेल तिथे “मराठीत सांगू का?” एवढं विचारायचं. ज्याला शेतकऱ्यांशी बोलणारा माणूस हवा आहे, तो बहुतेक वेळा हो म्हणतो.

काम शोधायचं कुठे? वर्तमानपत्र आणि लिंक्डइन पाहाच, पण आपल्या भागातल्या पुष्कळशा जागा आधी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर कळतात. कोणत्या कंपनीचा माणूस गेला, कुणाचा एरिया रिकामा आहे, हे दुकानदाराला कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसआधी ठाऊक असतं. त्याच्याकडे नोकरी मागायला जाऊ नका, माहिती विचारायला जा. गर्दी नसताना जा, त्याचं गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हा. पुढच्या बॅचच्या मुलांना मदत करायला आवडणारे सीनियर असतात. त्यांना “सर, काही असेल तर बघा” असा मेसेज टाकू नका. तुम्ही काय करता, रोज कुठे फिरता, पहिल्या सहा महिन्यांत काय अवघड गेलं, असं विचारा. त्याचं उत्तर येतं.

आणि नोकरी लावून देतो म्हणून जो पैसे मागतो, त्याच्याकडे नोकरी नसते. डिपॉझिट म्हणो, ट्रेनिंग फी म्हणो की साहेबांचा वाटा. आई-वडिलांनो, हे तुमच्यासाठीही सांगतोय. शेत गहाण ठेवू नका.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे इथे पुष्कळ असतील. कृषी सेवेत जरूर जा, चांगली माणसं तिथे हवीच आहेत. फक्त अभ्यासिकेच्या खुर्चीत किती वर्षं, हे आजच घरच्यांसमोर ठरवा, आणि जमलं तर हंगामी का होईना काम धरा. तीन वर्षं फक्त पुस्तकं वाचलेला मुलगा मुलाखतीत शेतकऱ्याबद्दल बोलतो तेव्हा शेतकरी पुस्तकातला वाटतो.

शब्द पाळण्याचं एक उदाहरण जवळचंच आहे. बद्रीनारायण बारवाले हिंगोलीत जन्मले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, 1 मे 1999 ला वेगळी झाली. 1964 मध्ये त्यांनी जालन्यात महिको ही बियाणं कंपनी काढली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणं त्यांनी लहान शेतकऱ्यांच्या शेतावर करवून घेतलं. दुसऱ्याच्या रानात आपलं बियाणं वाढवायचं तर अंतर राखून घ्यावं लागतं, भेसळीची झाडं उपटून घ्यावी लागतात आणि ठरलेला पैसा ठरलेल्या दिवशी द्यावा लागतो. जालन्याचा बियाणं उद्योग आज तुमच्यातल्या कित्येकांना नोकऱ्या देतो, त्याच्या बुडाशी हा पाळलेला शब्द आहे.

मुलींना एक वेगळं सांगतो. फिरतीची नोकरी मुलीला जमेल का, असं तुम्हाला विचारलं जाईल, मुलाखतीत आणि घरीही. चिडू नका आणि शपथाही घेऊ नका. गाडी चालवता येते, मुक्कामाची सोय कुठे आहे ते बघून ठेवलंय, एवढं सांगा. मग तुम्ही विचारा: एरिया किती गावांचा, संध्याकाळच्या मीटिंगा किती वाजता संपतात? ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याकडे जाऊ नका.

पहिली नोकरी तुम्ही सोडाल. त्यात बेइमानी नाही, पण ऐन जूनमध्ये, डीलरची उधारी आणि गोदामातला माल लटकत ठेवून फोन बंद करणं ही मात्र बेइमानी आहे. असे फोन बंद करणारे दरवर्षी असतात. नवी जागा लेखी हातात येईपर्यंत जुन्या जागी राजीनामा देऊ नका. मग नोटीस द्या, डीलरनिहाय येणं-देणं लिहून काढा, नव्या माणसाला गाडीवर मागे बसवून चार दुकानं फिरवा. जुन्या साहेबाबद्दल नव्या साहेबापुढे बोलू नका. परभणी, हिंगोली, नांदेड, जालना हा एकच बाजार आहे. तुम्ही नव्या एरियात पोचण्याआधी तुमची कीर्ती तिथल्या दुकानदाराने फोनवर विचारलेली असते.

नेमणूकपत्र हातात आलं की सही करण्याआधी सगळं वाचा. वर्षाचा मोठा आकडा पाहून हुरळू नका. दरमहा हातात किती, पेट्रोलचे पैसे वेगळे की त्यातच, टार्गेट कुणी आणि कशावरून ठरवलं, बाँड आहे का, हे विचारा. शंका आली तर आज शेजारी बसलेल्या मित्राला फोन लावा. त्याच्या हातातही तसलाच कागद असेल. दोन्ही कागद ताडून बघा.