दुसऱ्या भागाची गोष्ट
(गणेशोत्सवातील कौटुंबिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हाला बजावलं होतं की, मुलांना कळेल आणि मोठ्यांना झोप येणार नाही असं बोला. म्हणून आज एका कार्टून सिनेमाबद्दल बोलतो. सिनेमाचं नाव ‘द जंगल बुक २’. तो फेब्रुवारी २००३ मध्ये पडद्यावर आला. मोगली, बल्लू आणि शेरखान यांच्या गोष्टीचा हा दुसरा भाग.

गणपतीत हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण मंडळी, मोगली आपल्या शेजारचा आहे. किपलिंगने त्याचं जंगल सिवनीच्या डोंगरात कल्पिलं आणि नदीचं नावही दिलं, वैनगंगा. सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला उगम पावून बालाघाटला येणारी, पुढे गोंदिया-भंडाऱ्याकडे जाणारी आपली वैनगंगा. कान्हाचं मुक्की दार तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली. पण हे पुस्तक त्याने अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बसून लिहिलं. ‘द जंगल बुक’ आलं १८९४ मध्ये आणि लगेच १८९५ मध्ये ‘द सेकंड जंगल बुक’. म्हणजे दुसरा भाग ही सिनेमावाल्यांची युक्ती नव्हे, ती मूळ लेखकापासूनच आहे. त्या दुसऱ्या पुस्तकात मोठा झालेला मोगली शेवटी जंगल सोडून माणसांत जातो.

वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने यावर चित्रपट काढला तो १९६७ मध्ये. स्वतः डिस्ने त्याआधी, डिसेंबर १९६६ मध्ये, वारले. त्यांनी जातीने लक्ष घातलेला हा शेवटचा कार्टूनपट. त्याच्या शेवटी मोगली घागर घेऊन आलेल्या एका मुलीच्या मागे गावात जातो. तिथे गोष्ट थांबली, ती तब्बल ३६ वर्षं. आमच्या वयाच्या लोकांना मात्र मोगली भेटला १९९३ मध्ये, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. ती मालिका जपानी होती, शीर्षकगीत गुलजारांचं आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा.

दुसरा भाग डिस्नेच्याच ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या स्टुडिओत तयार झाला. दिग्दर्शक होते स्टीव्ह ट्रेनबर्थ. रेखाटन हाताचं, रंग संगणकावर भरलेले. बालमित्रांनो, हाताचं रेखाटन म्हणजे काय, ते ऐका. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. सिनेमा ७२ मिनिटांचा. म्हणजे ७२ गुणिले ६० गुणिले २४, उत्तर येतं १,०३,६८०. एकच चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी एका पात्रासाठी सेकंदाला बारा चित्रं लागतात. मुख्य चित्रकार उडीची सुरुवात आणि शेवट काढतो, मधली चित्रं त्याचे सहकारी भरतात. काचेखाली दिवा, त्यावर आधीचा कागद, त्यावर नवा कागद आणि केसभर हललेली रेघ. आम्ही डिप्लोमाला असताना ड्रॉइंग बोर्डवर दिवसाकाठी एक प्लॅन पुरा झाला, तर स्वतःची पाठ थोपटत असू. म्हणून या कामाचा आम्हाला आदर वाटतो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. मोगली आता गावात राहतो. ज्या कुटुंबाने त्याला आपलं मानलं, त्यांचा धाकटा मुलगा रंजन त्याचा भाऊ झाला आहे. घागरवाल्या मुलीचं नाव शांती. नदीपलीकडे जंगल, आणि नदी ओलांडायची मुलांना सक्त मनाई. मोगलीचं मन मात्र पलीकडे. तो गावच्या मुलांना जंगलाच्या तालावर नाचायला शिकवतो. मुलं इतकी रंगतात, की त्याच्यामागे थेट नदीपर्यंत निघतात. रंजनचे वडील मोगलीला रागावतात, शिक्षा करतात. ते वाईट नाहीत, त्यांना मुलांची काळजी आहे. मग बल्लू येतो, मोगली त्याच्याबरोबर जातो, त्याला शोधायला शांती आणि रंजन जंगलात शिरतात, आणि सूड घ्यायला टपलेला शेरखान सगळ्यांच्या मागे लागतो. शेवटची झटापट एका पडक्या देवळात, खाली उकळता लाव्हा! आपल्या सातपुड्यातला लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. आता त्याची गिट्टी रस्त्याला लागते. पण सिनेमात चालायचंच.

या सिनेमाचं स्वागत कसं झालं? समीक्षकांनी बहुतेक ठिकाणी झोडपला. तीच गोष्ट पुन्हा, गाजलेलं गाणंही तेच पुन्हा, नवीन काय आणलंत, असा त्यांचा सवाल होता. लोक मात्र मुलांना घेऊन गेले. सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाने जगभरात साडेतेरा कोटींहून जास्त मिळवले.

आम्हाला विचाराल तर समीक्षकांचं म्हणणं खरं आहे. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली. किपलिंगने मोगलीला जंगल सोडायला लावलं. पहिल्या सिनेमानेही तेच केलं. या दुसऱ्या भागात मोगली गावातच राहतो, पण रोज शांती आणि रंजनला घेऊन जंगलात बल्लू-बघीराला भेटायला जातो. हे घर की ते घर, असा प्रश्न त्याला कोणी घालत नाही. एवढी एकच गोष्ट या सिनेमात नवीन आहे, आणि तीच मोलाची आहे.

आपल्याकडे २००५ च्या ‘हनुमान’चा दुसरा भाग ‘रिटर्न ऑफ हनुमान’ २००७ मध्ये आला, दिग्दर्शक अनुराग कश्यप. त्यांनी जुनं आख्यान पुढे ओढलं नाही. हनुमानाला आजच्या गावात मारुती नावाचा पोर म्हणून जन्माला घातलं. पात्र तेच, अंगण नवं.

आता आपल्या घराकडे येऊ. इथल्या ज्येष्ठांचा जन्म झाला तेव्हा बालाघाट मध्यप्रांतात होतं आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला नकाशा बदलला. आपल्या घरांनी जागा सोडली नाही, सीमा सरकली. ज्येष्ठ मंडळी हा पहिला भाग. आम्ही चाळिशी ओलांडलेले दुसरा भाग, आणि सतरंजीवर बसलेत तो तिसरा. आमची शाळा हिंदी, बाजार हिंदी, कचेरीतली नस्तीही हिंदी. हिंदीने आम्हाला पोटाला दिलं आणि जिवाभावाचे शेजारी दिले. तिच्याशी भांडण नाही. पण आज आमची मुलं सगळ्या आरत्या तोंडपाठ म्हणतात आणि नंतर हळूच विचारतात, “पप्पा, इसका मतलब क्या?”

यावर रंजनच्या वडिलांसारखं रागावून उपयोग नाही. “घरात मराठीच बोला” असं दरडावलं, की मुलं गप्प बसतात, मराठी बोलत नाहीत. आणि दरवर्षी तीच गाणी, तीच नाटुकली बसवली, तर समीक्षकांचा सवाल आपल्यालाही लागू होतो. त्यापेक्षा मोगलीचा मार्ग बरा. त्याने आपला ताल गावच्या मुलांना शिकवला, आणि ती आपणहून त्याच्यामागे आली.

म्हणून आमची एक सूचना आहे. पुढच्या गणपतीपर्यंत आपल्या मुलांनी एका मिनिटाचा हाताने काढलेला सिनेमा करावा. विषय वैनगंगा, मुंडाऱ्यापासून पुढे वर्धेला भेटून तिची प्राणहिता होईपर्यंत. हिशेब सोपा आहे. सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. तीस घरांनी भाग घेतला, तर घरटी २४ चित्रं, म्हणजे महिन्याला दोन. चित्र जमत नसेल त्याने दादासाहेब फाळक्यांना आठवावं. त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीच्या काड्या नाचवल्या होत्या! फोटो मोबाइलवर काढता येतील. आवाज घरातल्या आजी-आजोबांचा, आणि अर्थातच मराठीत. हिंदी घरातले मित्र आले, तर त्यांच्याही हाती पेन्सिल द्यावी. शांती आणि रंजन तेच आहेत.

रेघा वाकड्या येतील, नदी मध्येच उडी मारेल, मासा बैलाएवढा दिसेल. येऊ द्या. पण नातवाला गोष्ट विचारायला आजीजवळ बसावं लागेल, आणि आजी सांगेल ती मराठीतच सांगेल. आम्हाला हवं आहे ते एवढंच.

कागद-पेन्सिलींचा खर्च आम्ही करतो. प्रसादाच्या टेबलाशेजारी कोरे कागद ठेवले आहेत. घरटी एकाने नाव लिहून आपले २४ कागद आजच घेऊन जावेत.