चाकांवरचा बास्केटबॉल

बास्केटबॉल म्हटला की धावणे आणि उड्या मारणे आलेच. मग ज्यांचे पायच चालत नाहीत त्यांनी तो खेळावा कसा? पण खेळतात, आणि असा खेळतात की पाहणाऱ्याला जागचे हलवत नाही.

या खेळाचा जन्म इस्पितळात झाला. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेला माणूस पूर्वी फार दिवस जगत नसे. अंथरुणाने पडलेल्या जखमा आणि मूत्रमार्गाचे विकार त्याला नेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नव्या औषधांनी आणि शुश्रूषेने तो जगू लागला. पण जगून करायचे काय? आढ्याकडे बघत पडून राहायचे? या जायबंदी जवानांत लढाईआधी बास्केटबॉल खेळलेले पुष्कळ होते. १९४६च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या इस्पितळांत त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसूनच सामने सुरू केले. १९४९ साली गेल्सबर्ग गावी टिम न्यूजंट यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय स्पर्धाही भरली.

इकडे इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमान खेळ हा उपचाराचाच भाग मानत होते. १९३९ साली नाझी जर्मनी सोडून आलेले हे डॉक्टर. १९४८ साली त्यांनी सोळा अपंग खेळाडूंची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्याच रोपाचा वृक्ष म्हणजे १९६० सालचे रोमचे पॅरालिंपिक. बास्केटबॉल तेव्हापासून त्यात आहे. स्त्रियांचे सामने १९६८ साली तेल अवीव्हला सुरू झाले.

मैदान नेहमीचेच, २८ मीटर लांब नि १५ मीटर रुंद. कडेही तितकेच उंच, ३.०५ मीटर. बसल्या जागेवरून तिथवर चेंडू पोचवायचा म्हणजे खांद्यांची काय ताकद हवी बघा! चेंडू मांडीवर ठेवून चाकांना दोनदा रेटा द्यायचा. मग तो जमिनीवर आपटायचा, सोबत्याला द्यायचा, नाहीतर फेकायचा. तिसरा रेटा दिलात की चेंडू गेला. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग, म्हणून धडक मारली की फाउल. आणि फायद्यासाठी बैठकीवरून अंग उचलणे, तोही गुन्हाच.

पण मला खरे शहाणपण दिसते ते गुणांच्या नियमात. शरीराची हालचाल जितकी कमी तितका गुण कमी. धड सावरणेही ज्याला कठीण त्याला १, आणि ज्याचे व्यंग अगदी थोडे त्याला ४.५. मैदानावरच्या पाचजणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. आता हिशेब करा. साडेचारवाले तिघे घेतले की साडेतेरा झाले. उरलेल्या अर्ध्या गुणात दोघे बसवणार कुठून? दोघेच घेतले तर पाच गुण उरतात, ते एक, दीड आणि अडीच असे वाटता येतात. म्हणजे जास्त अपंग गडी संघात येतो तो कुणाच्या दयेने नव्हे, त्याच्यावाचून गणितच जुळत नाही म्हणून!

आणि तो नुसता भरतीला नसतो हो. प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत तो नेमकी खुर्ची आडवी घालतो. त्या क्षणभरात त्याचा सोबती कड्याखाली शिरतो. गुण फेकणाऱ्याच्या नावावर पडतो. कधी सामना पाहाल तेव्हा चेंडूवरची नजर काढून जरा त्या आडव्या खुर्चीकडे बघा.