मुलांचा डबा मुलांच्या हाती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या मोठ्या विषयावर बोलावे असा प्रघात आहे. मी मात्र आज आपल्यापुढे एक वीतभर विषय घेऊन उभी आहे. तो म्हणजे मुलांचा शाळेचा डबा. वीतभर म्हटले तरी आपल्यापैकी कितीजणींची सकाळ त्याच्याभोवती फिरते, हे मी सांगायला नको. पहाटे उठून आपण पोळ्या लाटतो, भाजी परततो, डबा नीट भरून देतो. आणि संध्याकाळी दप्तरातून तोच डबा अर्धामुर्धा भरलेला बाहेर येतो. मग चौकशी सुरू होते. "वेळच मिळाला नाही", "भाजी आवडली नाही", "मित्राच्या डब्यातले खाल्ले". या उत्तरांत थोडेथोडे तथ्य असतेच. परंतु एक उत्तर मूल देत नाही, कारण ते त्याला स्वतःलाही उमगलेले नसते. त्या डब्यात त्याचे असे काहीच नसते! काय द्यायचे ते आपण ठरवले, किती द्यायचे ते आपण ठरवले, झाकणही आपणच लावले.

म्हणून माझे म्हणणे असे की, नऊदहा वर्षांच्या मुलाने आपला डबा आपण भरावा. स्वयंपाक आपला, भरणे त्याचे. पुढे यथावकाश स्वयंपाकातही त्याचा हात लागेल.

जपानात शिकोकू बेटावर कागावा नावाचा प्रांत आहे. तेथील ताकिनोमिया या गावच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक काझुओ ताकेशिता यांनी २००१ साली 'डब्याचा दिवस' सुरू केला. तिकडे मुलांना शाळेतच जेवण मिळते, घरून डबा न्यावा लागत नाही. तरीही पाचवी-सहावीच्या मुलांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा घरून डबा आणायचा, असे त्यांनी ठरवले. बेत ठरवणे, बाजार करणे, शिजवणे, भरणे, मागाहून भांडी घासणे, सारे मुलाने करायचे. आईवडिलांनी हात लावायचा नाही. पाचवीपासूनच का, तर तेथे गृहशास्त्र पाचवीपासून शिकवतात. पुढे हा उपक्रम त्या देशातील पुष्कळ शाळांनी उचलला. या साऱ्यात सर्वांत कठीण अट मुलांसाठी नसून आईसाठी आहे, असे मला वाटते. हात लावायचा नाही! आपल्याला तर मुलाने वाटी उचलली तरी "थांब, सांडशील" म्हणायची सवय.

तेव्हा जपानी आयांइतके कठोर होण्याची गरज नाही. विळी आणि गॅस यांच्याजवळ मोठ्या माणसाने उभे राहावेच. परंतु निवड मुलाची असू द्यावी. ती मोकाट मात्र नको. नाहीतर रोज बिस्किटांचा पुडा निघेल. पोट भरणारे एक, म्हणजे पोळी, भाकरी, थालीपीठ किंवा धपाटे. अंगी लागणारे एक, म्हणजे उसळ, भाजलेले दाणे, घट्ट वरण, चालत असेल त्या घरी उकडलेले अंडे. आणि ताजे एक, काकडी, गाजर, पेरू, मोसमात बोरे. प्रत्येकातले दोन पदार्थ आपण ओट्यावर मांडावेत, त्यांतला एक त्याने उचलावा. एवढ्या स्वातंत्र्यानेही मुलाचा चेहरा पालटतो.

उसळीचेच घ्या. सोमवारी डब्यात मटकीची उसळ हवी असेल तर मटकी शनिवारी रात्री भिजली पाहिजे आणि रविवारी सकाळी फडक्यात बांधली पाहिजे. हे काम मुलाकडे सोपवा. मोड किती आले ते पाहायला ते दिवसातून चारदा फडके सोडील, त्याला रागावू नका. आपण भिजवलेली मटकी मूल डब्यात तशीच ठेवून परत आणीत नाही.

भरण्याचीही एक कला आहे. गरम पोळी तशीच डब्यात कोंडली की झाकणाला वाफ धरते आणि पोळी ओली होते. काकडीला आधी मीठ लावले तर पाणी सुटते. मीठ पुडीत वेगळे द्यावे. उसळ कोरडी हवी, नाहीतर वह्यांनाही तिखट लागते. उन्हाळ्यात ओल्या नारळाची चटणी टाळावी, दाण्यांची किंवा तिळाची बरी. हे सारे एकदा सांगावे आणि गप्प बसावे. एखादा दिवस ओली पोळी खावी लागली, तर दुसऱ्या दिवशी पोळी ताटात पसरून निवू द्यायचे त्याच्या आपोआप लक्षात राहते.

लिंबाची फोड मात्र विसरू देऊ नका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. आपल्या शेजारीपाजारी अशा मुली आहेत, जिना चढताना त्यांना दम लागतो आणि आपण म्हणतो, "नाजूकच आहे." पालेभाजीतले, कडधान्यातले लोह अंगी लागायला लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वाचे साहाय्य होते, जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट अडथळा होतो. फोडीला फारसा खर्च नाही.

आता थोडे कडू बोलते. डबा भरायला शिकवायचे म्हटले की आपण मुलीला हाक मारतो. मग ती आपला भरते, धाकट्या भावाचा भरते, आणि हळूहळू थोरल्या दादाचाही भरू लागते! असे होणार असेल तर हा उपक्रम न केलेलाच बरा. ज्याचा डबा त्याने भरावा आणि आल्यावर त्यानेच घासावा.

आणखी एक नाजूक गोष्ट. भाकरी नेली की हसतात म्हणून झाकणाआड हात धरून खाणारी मुले आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ साल ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. पण वर्गातल्या हसण्याला ते कसे कळावे? तेथे मुलाला उपदेश उपयोगी पडत नाही. भाकरीला तूप आणि लसणीची चटणी लावून तिची गुंडाळी त्यालाच करू द्या, दोन जास्तीच्या द्या, मित्रांना वाटू दे. वेफरच्या पुड्यांचा बंदोबस्त सरकारनेही योजला आहे. अति मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला. परंतु एक्कावन्नाव्या मीटरवर दुकान असतेच, आणि मुलाच्या खिशात आपणच दिलेले पैसे असतात.

आपल्या कार्यकारिणीने ठरवले आहे की, येत्या महिन्यापासून पहिल्या शनिवारी दुपारी मुलांनी स्वतः भरलेले डबे घेऊन मंडळाच्या सभागृहात यावे आणि एकत्र बसून खावे. बक्षिसे नाहीत, क्रमांक नाहीत. डबे संपेपर्यंत आयांनी बाहेर व्हरांड्यात बसायचे आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत, मुलग्यांची आधी.