मॉनिटर घेताना बाजूने बघा

आमच्या बचत गटाने कॉम्प्युटरला स्वस्तातला मॉनिटर घेतला होता. समोर बसणाऱ्या सचिवताईंना हिशेब स्वच्छ दिसायचा. कडेला बसलेल्या मावशींना आकडे फिकट दिसायचे. एका बैठकीत त्या म्हणाल्या, "माझं कर्ज किती फिटलं, मला दिसंना. तुम्ही सांगाल तेच खरं धरायचं व्हय?" ते माझ्या मनाला लागलं.

चूक आमचीच. तो पडदा टीएन पॅनेलचा होता. बाजूने बघितलं की त्याचे रंग बदलतात. आयपीएस पॅनेलवर बाजूनेही चित्र बरंच स्वच्छ दिसतं. म्हणून कोल्हापूरला खरेदीला गेलात, तर दुकानात मॉनिटर चालू करायला लावा आणि दोन्ही कडांनी बघा.

रोजच्या कामाला २२ ते २४ इंची, १९२० बाय १०८० चा फुल एचडी पडदा पुरतो. पोरं म्हणतील, "गेमसाठी १४४ हर्ट्झचा घ्या." हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं ते. वेगवान गेममध्ये फरक जाणवतो. पण कॉम्प्युटरच तेवढ्या वेगाने चित्र देत नसेल, तर जादा पैसे वाया. हिशेबाला ६० पुरे.

कॉम्प्युटर जुना असेल, तर वायर व्हीजीएची लागते की एचडीएमआयची, हे आधी बघून जा. पक्कं बिल घ्या, वॉरंटी किती ते विचारा.

आम्ही यंदा आयपीएस घेतला. मावशी आता कडेला बसूनच हिशेबातली चूक दाखवतात. गटाचा पैसा सगळ्यांचा, मग तो सगळ्यांना दिसायलाच हवा.