व्हाळातला दगड उलटून बघा

दिवाळी सरली की व्हाळाचं पाणी निवळतं. अशा वेळी घोटाभर वाहत्या पाण्यातला एक दगड उचला आणि त्याची खालची बाजू बघा.

शेपटीला दोन-तीन केस असलेले चपटे किडे दगडाला चिकटलेले दिसतील. ती मेफ्लायची पिल्लं. पंख फुटल्यावर मेफ्लाय जेमतेम एक-दोन दिवस जगते. बाकीचं आयुष्य पाण्यातच जातं. वाळूचे कण, काटक्या रेशमाने जोडून घर करणारी अळी कॅडिसफ्लायची. तळाशी दबा धरून बसलेलं चतुराचं पिल्लू डासांच्या अळ्या खातं.

काश्मीर-हिमाचलच्या थंड नद्यांत ट्राउट मासा धरणारे हौशी लोक गळाला पिसं-दोरा गुंडाळून याच किड्यांची नक्कल करतात. कारण माशाचा घास हाच! आपल्याकडे ट्राउट नाही, पण व्हाळातले कितीतरी मासे किड्यांवरच वाढतात. आणि आपले मासेही काही कमी नाहीत. आंबोलीतल्या 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या छोट्या माशाची नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली. २०२१ मध्ये शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली.

या किड्यांना स्वच्छ, खेळतं पाणी लागतं. पाणी बिघडलं की ते आधी जातात आणि गाळातल्या लाल अळ्या तेवढ्या उरतात. मात्र किडे दिसले म्हणून पाणी पिण्याजोगं झालं असं नाही. प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

आता महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये व्हाळ आटतो, पाणी फक्त कोंडात उरतं. मासे आणि किडे तिथेच जीव धरून असतात. पहिल्या पावसात चढणीला लागून अंडी घालणारे मासे यांतलेच. त्या कोंडात कुणी ब्लीचिंग पावडर टाकली, तर माशांबरोबर त्यांचं खाणंही मरतं. एका दिवसाच्या कालवणासाठी बियाण्याचं भात कांडून खाल्ल्यासारखंच ते.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गावातला एक तरी कोंड राखायचं ठरवा, ग्रामसभेत मांडा. कपडे धुताना पाणी बादलीने काठावर घ्या, साबणाचं पाणी व्हाळापासून लांब मातीत ओता. मुलांना घेऊन दगडाखालचे किडे बघा.

आणि हो, बघून झालं की दगड होता तसाच, त्याच अंगावर ठेवा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर आहे.