आधी जमीन, मग अक्षर

कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय ‘शर्यतीच्या जुन्या इंजिनाची पारख’ असा छापलाय. विषय मोठा आणि मिनिटं आठ. तेव्हा मी एकच गोष्ट सांगणार आणि तीच पुन्हा पुन्हा सांगणार. कंटाळलात तरी चालेल, पण विसरू नका. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर वाचण्याआधी तो ज्या जमिनीवर ठोकलाय ती जमीन वाचा. आधी जमीन, मग अक्षर.

हे आठवायला निमित्त झाला माझा भाचा. असतो मिशिगनमध्ये. तिथे जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचे बाजार भरतात, तिथून त्याने एक ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणला. विकणाऱ्याने सांगितलं, हा १९६७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट एल ८८ चा. भाच्याने मला मोबाइलवर फोटो पाठवला, “मामा, तुम्ही उद्यमनगरातल्या कारखान्यांत आयुष्य काढलंत, सांगा, खरा की खोटा?”

आता एल ८८ म्हणजे काय ते मोटारवेड्यांना मी सांगायला नको. सात लिटरचं, ४२७ घनइंचांचं इंजिन. कंपनीने कागदावर ताकद लिहिली ४३० अश्वशक्ती. प्रत्यक्षात पाचशेच्या वर. मुद्दाम कमी लिहिली, म्हणजे हौशी गिऱ्हाइकाने त्याच्याऐवजी ४३५ अश्वशक्तीचं साधं इंजिन घ्यावं. शर्यतीसाठीच केलेली गाडी ती. तिच्यात हीटर मिळत नसे आणि रेडिओही मिळत नसे. म्हणजे माझं हे भाषण त्या गाडीत कुणालाच ऐकू आलं नसतं! १९६७ साली अशा फक्त २० गाड्या झाल्या. त्यातली एक २०१४ साली ॲरिझोनातल्या लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरला गेली. आता तुम्हीच सांगा, इतका पैसा जिथे आहे तिथे कुणाचा हात छिन्नी-हातोडीकडे वळणार नाही?

त्यातून गंमत अशी की एल ८८ च्या ब्लॉकचं ओतकाम काही वेगळं नव्हतं. ओतकामात उठवलेला जो मोठा नंबर असतो, तोच नंबर कमी ताकदीच्या ४२७ इंजिनांवरही येतो. म्हणजे त्या नंबरावर भाळायचं कारण नाही. फरक पडतो तो उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे जी छोटी सपाट पट्टी आहे तिच्यावर ठोकलेल्या ठशाने. आधी टी, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा कारखाना. मग महिना, मग दिवस आणि शेवटी दोन अक्षरं, आय आणि टी. (भाच्याची नोकरीसुद्धा याच दोन अक्षरांतली, म्हणून तर तो भुलला नसेल?) या दोन अक्षरांवर साधा ब्लॉक आणि सोन्याचा ब्लॉक यांतलं अंतर ठरतं. आणि दोन अक्षरांचे पंच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

म्हणून म्हणतो, आधी जमीन.

आपल्याकडची गोष्ट घ्या. घरात आजीचा पितळी हंडा असतो. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, खाली तारीख. हंडा घडवला तांबटाने, नाव घातलं दुकानात. दोन जागा, दोन हात, दोन हत्यारं. पन्नास वर्षं चिंच आणि राख लागून त्या नावाच्या कडा बोथट होतात, पण आजूबाजूचं पितळही तितकंच झिजतं. नाव आणि हंडा एकत्र म्हातारे होतात. आता तोच हंडा कुणी मशीनवर पॉलिश करून आणला आणि नाव पुन्हा घातलं, तर? नाव तेच, तारीख तीच, शुद्धलेखनही बरोबर. पण हात फिरवलात तर कडा बोटाला टोचतात. नाव तरणं आणि हंडा म्हातारा. आजीला डोळे मिटून कळलं असतं.

ब्लॉकचं तसंच आहे. टोनावांडात हेड बसायची पृष्ठं ब्रोचिंगने काढत. दातेरी हत्यार पुढून मागे एका दमात ओढलं की सरळ, समांतर, बारीक रेघा उमटतात. ही आमच्या हंड्याची मूळ घडण. ती पट्टी आणि हेडखालची जमीन एकाच सपाटीत, म्हणून पट्टीवरच्या रेघा हेडखालीही तशाच पुढे जायला हव्यात. पुढे कुणी ब्लॉकचं फेसिंग केलं, म्हणजे पृष्ठ पुन्हा सपाट कापलं, तर मिलिंग कटरची गोल कमानीसारखी खूण राहते, किंवा ग्राइंडिंगची गुळगुळीत. रेघा गेल्या की त्यांच्याबरोबर मूळचा नंबरही गेला. त्या गुळगुळीत जमिनीवर ठसठशीत नंबर दिसला तर तो आला कुठून? खोटं करणारे हुशार असतात, एमरी पेपरने रेघाही ओढतात. पण त्या पट्टीपुरत्या असतात, कुठे दाट कुठे विरळ, आणि हेड काढलं की खाली वेगळीच जमीन.

दुसरं, दोन हात. इंजिनाचा ठसा टोनावांडात, गाडीचा क्रमांकही त्याच पट्टीवर, पण मिसुरीतल्या सेंट लुईसच्या जुळणी कारखान्यात. शेकडो मैलांवरचे दोन कामगार, दोन पंचांचे संच. दोन्ही ओळी एकाच वळणाच्या, एकाच खोलीच्या आणि एकाच हाताच्या वाटल्या तर तांबटाच्या घरी दुकानदार कसा आला, हे विचारा.

तिसरं, तारखा. ओतकामाची तारीख ब्लॉकवर उठावात असते. महिन्याला अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ७’ म्हणजे १४ मार्च १९६७. ओतकाम आधी, इंजिनाची जुळणी नंतर, गाडी त्याहून नंतर. मार्चमध्ये ओतलेला ब्लॉक फेब्रुवारीत कसा जुळेल? हे साधं गणित न करता लोक पैसे मोजतात! आणि उठावातलं अक्षरही घासून, वरून लुकण लावून बदलतात. तिथेही जमीनच बघा, वाळूचा खरखरीतपणा अखंड आहे का ते.

आता एक गैरसमज काढतो, कारण यात माझा जीव अडकलाय. नंबर नसलेला ब्लॉक म्हणजे लबाडी, असं मुळीच नाही. शर्यतीची गाडी देव्हाऱ्यातली मूर्ती नसते. १९६७ च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बॉब बॉन्ड्युरंट आणि डिक गुल्डस्ट्रँड एल ८८ चालवत होते. आपल्या वर्गात पुढे होते आणि रात्री इंजिन गेलं. गेलं म्हणजे गेलं. अशा गाडीत नवा ब्लॉक बसणार, जुन्याचं फेसिंग होणार, नंबर पुसला जाणार. हा त्या गाडीच्या नशिबाचा भाग आहे. १९६८ पासून वॉरंटीत बदलून दिलेल्या ब्लॉकवर कंपनी स्वतःच ‘सी ई’ अशी अक्षरं ठोकत असे. किती प्रामाणिक खूण ती! आणि लोक काय करतात? ती ‘सी ई’ घासून काढतात आणि ‘आय टी’ ठोकतात. पोचा आलेला आजीचा हंडा आजीचाच असतो हो. पोचा काढून त्यावर दुसऱ्या आजीचं नाव घातलं की तो कुणाचाच राहत नाही.

अमेरिकेत कॉर्व्हेटवाल्यांची एक मोठी संस्था आहे, १९७४ पासूनची. तिचे परीक्षक गाडी तपासतात ती कारखान्यातून निघताना दिसे तशी दिसते का, या कसोटीवर. दिसते का, एवढंच. गुण मिळाले म्हणजे जन्मदाखला मिळाला असं समजू नका. जन्मदाखल्यासारखा कागद खरं म्हणजे या गाडीत पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला असतो. टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो टिकला. त्याच्यावर गाडीतल्या खास मागण्यांची यादी असते. पण तो कागदही आता नवा छापून… समोरून खूण झाली, दोनच मिनिटं उरलीत. कागदाचं राहू द्या. आम्ल लावून पुसलेला आकडा कसा वर आणतात तेही सांगायचं होतं, तेही राहिलं.

भाच्याचं सांगतो. त्याचा पहिला फोटो अंधुक होता. पट्टीवर केशरी रंगाचे पापुद्रे, तेलाची साय. मी लिहिलं, “नीट दिसत नाही रे, स्वच्छ फोटो पाठव.” दुसऱ्या दिवशी फोटो आला, आरशासारखा. पट्टी चकाकतेय, आय टी झळकतंय. खाली लिहिलेलं, “मामा, तुमच्यासाठी एमरी पेपरने घासून काढलं. आता कसं स्वच्छ दिसतंय बघा!”

काय बोलायचं? रेघा होत्या की नव्हत्या, अक्षरांच्या कडा तरण्या होत्या की म्हाताऱ्या, सगळं त्या एमरी पेपरला चिकटून कचऱ्यात गेलं. ब्लॉक खराही असेल. आता तो स्वतःच ते सिद्ध करू शकत नाही. चूक त्याची, पण थोडी माझीही. स्वच्छ म्हणजे काय ते मी सांगितलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. रंग काढायचं द्रावण आणि मऊ फडकं, बस. वायर ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही, छिन्नी तर नाहीच. आणि फोटो काढायचा तो घासण्याच्या आधी.

भाचा परवा विचारत होता, “मामा, मग आता याचं काय करू?” म्हटलं, पट्टीवर पातळ तेलाचा हात फिरव, गंज चढू देऊ नकोस, आणि पुढे कुणाला दिलास तर घासलंय हे आधी सांग. वेळ संपल्याचा दिवा लागला.